मढच्या धक्क्याचे बावीस पाय

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो वयाच्या चौतिसाव्या वर्षी, आणि तोही ऐन ओहोटीचा. म्हणजे पाहिला तो चिखलच. करडा, चकचकीत, मैलभर पसरलेला, आणि त्याच्या पलीकडे कुठेतरी पाण्याची एक बारीक रेघ. आमच्या सोलापूरकडे उन्हाळ्यात तळी अशी दिसतात, म्हणून मला वाटलं, यंदा इथेही पाऊस कमी झाला असणार.

मी सोलापुरात बांधकाम खात्याच्या प्रयोगशाळेत ज्युनिअर इंजिनिअर. पुलांच्या, बंधाऱ्यांच्या कामावरून काँक्रीटचे ठोकळे येतात, ते यंत्राखाली दाबून फोडायचे आणि किती वजनाला फुटले ते लिहायचं, हा माझा रोजचा धंदा. बहात्तरचा दुष्काळ संपून दोन पावसाळे झाले होते. त्या मे महिन्यात मुंबईच्या उपनगरातल्या खाड्यांवरचे जुने धक्के तपासायचं काम निघालं. माणसं कमी पडली, आणि आमचे पाठकसाहेब मला म्हणाले, "निर्मलाबाई, मढचा एकच धक्का आहे. दहा दिवसांत उत्तर हवं. पावसाळ्यात चालू ठेवायचा की बंद करायचा, एवढंच."

एवढंच! मी हो म्हटलं, आणि ट्रंकेत दोन हातोडे, छिन्न्या, डायल गेज, बाटल्या आणि आईने दिलेली शेंगाचटणी भरून निघाले. गाडीचा प्रवास सगळ्यांचा असतो तसाच झाला.

अंधेरी, रविवार

माझी मामेबहीण कुसुम अंधेरीला दोन खोल्यांत राहते. भावजी जवळच्याच कारखान्यात फोरमन. कुसुमला वाटलं होतं, मी मुंबई बघायला आले आहे. ट्रंक उघडल्यावर छिन्न्या बघून ती खालीच बसली.

"काय गं, वेडी आहेस का तू? धक्के तपासायला तुला पाठवली? पोहता येतं का तुला?"

"नाही."

"झकास!" ती म्हणाली, आणि माझ्यासाठी चहा टाकायला उठली.

वर्सोवा आणि पलीकडे, सोमवार

अंधेरी स्टेशनहून वर्सोव्याला बस जाते. पाच-सात मिनिटांत शहर संपतं आणि दोन्ही बाजूंना दलदल, तिवरं, मधूनच ताडाची झाडं. मग वास येतो. आधी मी नाकाला पदर लावला, पण बसमध्ये दुसऱ्या कुणीच लावला नव्हता, म्हणून लाजून काढला. गाव येतं तेव्हा त्या वासाचं कारण दिसतं. बांबूच्या उंच आडव्या वलांड्यांवर बोंबील वाळत घातलेले, एकाच्या तोंडात दुसऱ्याचं तोंड अडकवून, हजारोंनी. आमच्याकडे शेवया वाळत घालतात तसे. वाऱ्यावर ते किंचित वाजतात.

खाडीच्या पलीकडे मढ. तरीतून, म्हणजे माणसं पलीकडे नेणाऱ्या होडीतून, पाच मिनिटांचं अंतर, पण ओहोटीला ही तर काठापर्यंत येत नाही. चिखलात उतरून चालत जायचं. मी पाचवारी साडी जरा वर धरून ऐटीत उतरले आणि चौथ्या पावलाला माझा उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. पाय निघाला, चप्पल निघाली नाही. ती अजून तिथेच असेल.

मागून कुणीतरी माझ्या दंडाला धरून वर खेचलं. पन्नाशीची, रुंद खांद्यांची कोळीण. डोक्यावरची पाटी तिने एका हाताने धरली होती आणि मला दुसऱ्या हाताने.

"अगो बाय, ही साडी हाय का जालं? चिखलान गुतून मरशील."

ती हिराबाय. रोज पहाटे मढहून मासळी घेऊन अंधेरीच्या बाजारात जायची आणि दुपारी परत यायची. तरीत तिने मला विचारलं, मी कुणाकडे चालले आहे. मी म्हटलं, धक्क्याकडे. तरीतल्या सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या.

"तू इंजनेर?" हिराबाय म्हणाली. "बाईमानूस इंजनेर?"

मी मान हलवली. सोलापुरात हा प्रश्न मी हजारदा ऐकला आहे, आणि त्यानंतर काय येतं तेही मला पाठ आहे. इथे मात्र हिराबायने शेजारणीकडे बघून समाधानाने म्हटलं, "बरा जाला. बाप्या आसता तर वरतून बघून गेला आसता."

धक्का मढच्या अंगाला आहे. काँक्रीटचा, साठ पावलं लांब, बावीस खांबांवर उभा. खाडीत जाणारं त्याचं टोक इतकं लांब आहे की कसल्याही ओहोटीला तिथे होडी लागते. वर्सोव्याच्या बाजूला असा धक्का नाही, म्हणून तिकडे चिखल. इथल्या बायका पाट्या घेऊन त्याच्यावरून जातात, आणि अडलेली बाई दवाखान्यात न्यायची झाली तर तिला झोपवून नेतात तो झोळीचा पाळणाही त्याच्यावरूनच जातो. जमिनीच्या वाटेने गेलं तर मोठा वळसा आहे.

उतरताना हिराबायने विचारलं, "बंद करनार काय तू?"

"अजून बघितलाच नाही."

"मंग बग. नीट बग."

मंगळवार

सकाळी हिराबाय त्या आठवड्यापुरता बाजार शेजारणीवर सोपवून, तिचं एक जुनं लुगडं घेऊन धक्क्यावर हजर. तिच्या घरात नेऊन तिने मला ते कोळ्यांच्या पद्धतीने नेसवलं, मागे घट्ट काष्टा, पोटऱ्या उघड्या. आरशात बघून मला हसूच आलं. आईने पाहिलं असतं तर तिने डोळे मिटून घेतले असते. पण त्या लुगड्यात मी दिवसभर चिखलात फिरले आणि एकदाही पडले नाही.

काम सोपं सांगता येतं. ओहोटीला धक्क्याखाली जायचं आणि प्रत्येक खांबाला साध्या हातोडीने ठोकत ऐकायचं. चांगलं काँक्रीट टणटण बोलतं, आतून सुटलेलं बदबद बोलतं. मग उसळी हातोडा. त्यात स्प्रिंग असते, तो खांबावर दाबला की आतला दांडा आपटून मागे उसळतो, आणि जितका उसळतो तितकं काँक्रीट कडक. खांबांना मी खडूने नंबर दिले, एक किनाऱ्याकडचा, बावीस टोकाचा.

मग मधले खांब बघितले. आठपासून सोळापर्यंत सगळ्यांची कातडी सोलल्यासारखी निघालेली, गंजाचे तांबडे ओघळ, दोन-तीन ठिकाणी सळया उघड्या. टोकाचे तीन मात्र, वीस, एकवीस, बावीस, नवेकोरे वाटावेत असे. एक चीर नाही. हातोडा त्यांच्यावर असा उसळला की मी पुन्हा पुन्हा मारून बघितला.

दुपारी हिराबायच्या अंगणात जेवण. मी मटण खाते, पण मासा म्हणजे काटे एवढंच मला माहीत. तिने ताटात ओले बोंबील वाढले, आणि मी काटे शोधत बसले.

"काय शोधतंस?"

"काटे."

"त्याला काटा नाय गो, नुसता दोरा हाय. खा."

खाल्ले. तांदळाच्या भाकरीबरोबर पाच खाल्ले. मी शेंगाचटणीची पुडी उघडली, ती हिराबायने आणि तिच्या सुनांनी तिथल्या तिथे संपवली आणि विचारलं की हा मासा कोणता.

जेवताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. घरातले पुरुष मासळी आणतात, पण ती कुठे जायची, कुणाला द्यायची, जाळं नवं घ्यायचं की जुनंच शिवायचं, हे सगळं हिराबाय सांगत होती आणि तिचा नवरा आणि मुलगे ऐकत होते. सोलापुरात साइटवर मी टेप मागितला तर मिस्त्री आधी मुकादमाच्या तोंडाकडे बघतो. इथे मी "शिडी धरा" म्हटलं की चौघे धावत होते.

बुधवार

सकाळी धक्क्यावर बसून मी साहेबांना पत्र लिहिलं. मधला भाग खराब, टोकाचा उत्तम. मधला भाग बंद करावा, टोकापर्यंत लाकडी साकव टाकावा आणि पावसाळाभर सगळी माणसं टोकाच्या भागावर चढवावी-उतरवावी. पत्र पाकिटात घालून चिकटवलं. मनात आलं, जमलं की आपल्याला.

तेवढ्यात तर आली. बायका, पाट्या, एक सायकल, सगळं टोकावर उतरलं. एक म्हातारा मात्र नाही. त्याने होडी चालवणाऱ्या तांडेलाला हात करून तर आणखी काठाकडे घ्यायला लावली आणि पँट दुमडून सरळ चिखलात उतरला. गळ्यात क्रूस, डोक्यावर हॅट, एका हातात पावाची पिशवी. गुडघाभर चिखलातून तो धक्क्याच्या बाजूबाजूने किनाऱ्याला गेला.

"हे कोण?" मी हिराबायला विचारलं.

"आमचा अंतोनकाका. गावठणान ऱ्हातो. गवंडी होता."

"चिखलात का उतरले?"

"तो नेमी तसाच उतरतो. धक्क्याच्या टोकाला पाय लावत नाय. खुळा हाय थोरा."

"कधीपासून?"

हिराबाय विचार करू लागली. "मी लगीन होऊन आले तवापासून बगतंय. धक्का तवा नवाच होता. त्यानीच बांदला ना, त्याच्या टोलीनं."

मी पाकीट पिशवीत ठेवलं. पोस्टात टाकलं नाही.

गावठण, गुरुवार

अंतोनकाकांचं घर कौलारू, पुढे सोपा, दाराशी विहीर. इथली ख्रिस्ती कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारी. भात पिकवतात, मासळी धरतात, आणि हल्ली मुलं अंधेरी-मालाडला नोकरीला जातात. मला वाटलं होतं घरात इंग्रजी चालत असेल. काकांच्या बायकोने, मारीबायने, "ये गो बाय, उन्हाची आलीस" म्हणून पाय धुवायला पाणी दिलं आणि ताटलीत फुगे ठेवले. हे फुगे म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोल वडे, आतून पोकळ, किंचित गोड. सोबत लालभडक रस्सा. त्यातला मसाला घरोघर उन्हाळ्यात कुटून बाटल्यांत ठोसून भरतात. आमच्याकडचं काळं तिखट मी लहानपणापासून खाते, पण हा मसाला चढला तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

मी धक्क्याचं काढलं की काका पावसाचं काढत. शेवटी मी पिशवीतलं पत्र काढलं आणि वाचून दाखवलं. सगळी माणसं टोकाच्या भागावर उतरवावी, इथपर्यंत आले तेव्हा त्यांनी हात वर केला.

"नको," ते म्हणाले. "टोकावर नको."

मारीबाय स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "सांग आता," ती म्हणाली. "किती वरसं मी एकटीच आयकतंय."

मग त्यांनी सांगितलं. धक्का बांधला तेव्हा मढला गोडं पाणी पुरत नव्हतं. काँक्रीट कालवायला पिंपं भरून वर्सोव्याहून होडीने यायची. टोकाचे तीन खांब शेवटचे. साचे उभे, सळया बांधलेल्या, सिमेंटची पोती फोडलेली, आभाळ भरून आलेलं, आणि त्या दिवशी वाऱ्यामुळे पाण्याची होडी आली नाही. कंत्राटदार म्हणाला, खाडीचं घ्या. आजचा दिवस गेला तर सगळं सिमेंट वाया जाईल.

"टोलीचा म्होरक्या मी. मना ठाव होता खाऱ्या पान्यान लोखंड खातं. मी काय बोललो नाय. घमेली भरून भरून दिली." ते हाताच्या तळव्याकडे बघत होते. "साचे काढले तर खांब भोकाभोकाचे. मंग त्याच्यावर जाड गिलावा केला, निस्त्या सिमेंटचा. तो पन माज्याच हातानं. म्हनून तुला चकचकीत दिसतंय."

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"कंत्राटदार निघून गेला. मी हितंच ऱ्हातो, बाय. रोज ही मानसं त्याच्यावरून जातान."

मग मी जे कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. दुष्काळात आमच्याकडे एका पुलाच्या कामावर प्यायलाच पाणी नव्हतं. मिस्त्रीने डबक्यातला गाळ-पाण्याचा राडा वापरला, आणि ते मला दिसत असूनही त्या दिवसाच्या कागदावर मी सही केली. पुढे ठोकळे कमी वजनाला फुटले, तेव्हा तो भाग पाडून पुन्हा बांधावा लागला. पाणी नसलं की माणूस काय करतो, ते मला सोलापूरकरणीला कुणी सांगायला नको.

काकांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "माजां नाव लिवशील?"

"खांबांचे नंबर लिहीन," मी म्हटलं.

शुक्रवार

ओहोटीला काका स्वतः छिन्नी घेऊन आले. एकवीस नंबरचा खांब, माझ्या छातीच्या उंचीवर. वरचा गिलावा बोटभर जाड आणि दगडासारखा. पाव तास ठोकल्यावर त्याचा एक थर खळकन निसटला आणि आतलं दिसलं. काँक्रीट कसलं, ओल्या गुळाच्या ढेपेसारखं. बोटाने टोकरलं तर सुटत होतं. त्यात सळई होती, बांधताना ती माझ्या अंगठ्याएवढी जाड असणार, आता पेन्सिलीएवढी राहिली होती.

मी तिथेच खांबाला धरून उभी राहिले. ते पत्र पोस्टात पडलं असतं तर पुढच्या आठवड्यापासून गावातली सगळी माणसं, पाट्या आणि पाळणे या तीन खांबांवर आले असते.

हिराबायने आत हात घालून बघितला. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण तिने काकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला उमजलं असावं. ती एवढंच म्हणाली, "आता सांगितलास ना. बरा केलास."

त्याच दिवशी टोकावर दोर बांधून आम्ही तेवढा भाग बंद केला. मग मी सगळ्या बावीस खांबांतून दोन-दोन इंच आतली पूड काढून बाटल्यांत भरली.

अंधेरी, शनिवार

कुसुमच्या ओट्यावर बावीस काचेचे पेले मांडले. चमचाभर पूड, बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी, गाळून घेऊन आम्लाचे दोन थेंब, आणि मग सिल्व्हर नायट्रेट. पाण्यात मीठ असलं की दही लागल्यासारखं पांढरं होतं. एक ते एकोणीस पेल्यांत धुरकट ढग, कुठे तोही नाही. विसाव्यात थेंब पडला आणि अख्खा पेला दुधासारखा झाला. एकविसावा तसाच. बाविसावा तसाच.

म्हणजे मधल्या खांबांची नुसती कातडी गेली होती. त्यांच्या सळयांवर काँक्रीटचा थर पातळ राहिला होता, म्हणून वरचं फुटलं, पण गाभा शाबूत होता. पक्क्या आकड्यांसाठी तीच पूड मी दुपारी पवईच्या तळ्याकाठच्या कॉलेजात देऊन आले. दोन दिवसांनी त्यांचा कागद आला, त्यातही तेच तीन नंबर.

ते औषध बोटांवर सांडलं की उन्हात काळंकुट्ट होतं. संध्याकाळी माझे दोन्ही हात बघून कुसुम किंचाळली, "वाट लागली! अगं, हे जातं की नाही? आणि माझे पेले?"

हात आठ दिवसांनी गोरे झाले. पेले तिने अजून घरात घेतलेले नाहीत.

सोमवार, पोस्ट ऑफिस

साहेबांना ट्रंक कॉल लावला. दोन तासांनी लागला. सगळं पोस्ट ऑफिस ऐकत होतं, कारण ओरडल्याशिवाय सोलापूरला काही पोचत नव्हतं.

"काय म्हणता?" साहेब ओरडले. "चांगलं दिसतंय ते बंद, आणि फुटलेलं चालू? मला उलटं ऐकू येतंय का?"

"बरोबर ऐकू येतंय सर!"

"निर्मलाबाई, सगळाच बंद करा! कुणाला विचारलं तर सांगू, जुना झालाय!"

बंद म्हटलं की माझं काम संपणार होतं. कुणी मला दोष दिला नसता. मी रिसीव्हर दोन्ही काळ्या हातांनी धरला आणि म्हटलं, "सर, मला वजन ठेवून बघू द्या! मधल्या भागावर! वाकला आणि परत आला नाही तर मी स्वतः कुलूप लावते!"

मग आवाज आला, "गुरुवारपर्यंत!"

मढ, मंगळवार ते गुरुवार

वजन म्हणून वाळूची पोती यायची होती. ती आली नाहीत. मी किनाऱ्यावर रडवेली होऊन बसले, तेव्हा हिराबायने विचारलं, "वाळूच पायजे ना? मंग ही काय हाय?" आणि समोरच्या अख्ख्या किनाऱ्याकडे हात केला.

दुपारी बाजारातून परत आलेल्या बायका रिकाम्या पाट्या घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. प्रत्येक पाटी भरली की मी तराजूला लावायची. दहा पाट्यांनंतर हिराबाय नुसती पाटी उचलून वजन सांगायला लागली, आणि तराजू तिच्यापेक्षा पाव शेराने चुकत होता. पाट्या धक्क्याच्या मधल्या भागावर ओळीने मांडल्या जात होत्या. बायका एका वेळी दोघीच वर जायच्या, ठेवायच्या आणि लगेच उतरायच्या. कोळ्यांच्या बायका आणि गावठणातल्या बायका, लुगडी आणि फ्रॉक, आणि सगळ्यांच्या तोंडी एकमेकींची टिंगल.

खाली काकांनी जुन्या डोलकाठ्यांचे टेकू उभे केले होते, छतापासून दोन बोटं खाली. छत बसलंच तर त्यांच्यावर बसावं म्हणून. शेजारी चिखलात रोवलेल्या वेगळ्या परांचीवर मी डायल गेज लावलं होतं. घड्याळासारखी तबकडी, वर आलेली पिन छताला टेकलेली. केसाएवढं वाकलं तरी सुई सरकते. ती वाचायला कुणीतरी खाली बसावं लागतं.

मी बसले. वर पाट्या पडल्याचा धप्प धप्प आवाज, डोक्यावर सोलपटलेलं काँक्रीट. टेकूंचं गणित मीच केलेलं होतं, तरी मी ते मनात पुन्हा करत होते. मग परांची करकरली आणि हिराबाय चढून माझ्या शेजारी येऊन बसली.

"तू कशाला आलीस? वर जा."

"तू खाली बसतंस तर मी बसनार नाय काय?" ती म्हणाली. "कंची सुई?"

मी दाखवली. वाळूची ओळ वाढत गेली तशी सुई सरकत गेली. एक घर, दोन, चार. हिराबायचा हात माझ्या मनगटावर होता, आणि तो किती घट्ट होता ते मला नंतर वळ बघून कळलं. शेवटची पाटी पडली. सुई नऊवर थांबली.

चोवीस तास वजन तसंच. बुधवारी दुपारी सुई सव्वानऊवर. मग बायकांनी पाट्या उतरवल्या, वाळू किनाऱ्यावर ओतली, आणि आता फक्त वाट बघायची. वाकणं हा काही गुन्हा नाही. परत येतो की नाही, त्यावर सगळं. बारा आणे मागे आला तरी पास.

गुरुवारी सकाळची ओहोटी. धक्क्यावर, किनाऱ्यावर, होड्यांत माणसं उभी होती. मी परांचीवर चढले, चष्मा पुसला, आणि सुई बघितली. एक. पुन्हा बघितली. एकच्या किंचित अलीकडे.

"एक!" मी ओरडले.

वरून कुणीतरी विचारलं, "एक मंजे काय?"

"म्हणजे वाकला होता आणि परत आला! मधला भाग चालू राहणार!"

गलका झाला तो कशाचा होता ते मला सांगता येणार नाही. मला वर ओढून घेतलं गेलं, आणि मारीबायने माझ्या तोंडात फुगा कोंबला. काका मात्र खालीच होते, टेकू सोडवत. एकेक डोलकाठी ते नीट पुसून बाजूला ठेवत होते.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं, टोकाचे तीन खांब पाडून नवे बांधावेत, मधल्यांची सोललेली कातडी काढून सळया साफ करून नवा थर द्यावा, तोवर होडी मधल्या भागाला लावावी. त्या पावसाळ्यात ओहोटीला दहा पावलं चिखल तुडवावा लागला, पण वाट बंद पडली नाही.

पुन्हा मढ, हिवाळ्यात

मंजुरी आली, आणि नवे खांब ओतायच्या दिवशी साहेबांनी मलाच पाठवलं. पाण्याची पिंपं आता टँकरमधून भरली होती. नवा कंत्राटदार तरुण, घाईचा. पण कालवणीच्या जागी एका खुर्चीवर अंतोनकाका बसले होते, हॅट घालून. त्यांना कुणी नेमलं नव्हतं. पिंप उघडलं की ते ओंजळभर पाणी तोंडात घ्यायचे, घोळवायचे, थुंकायचे आणि हात खाली करायचे. हात खाली झाल्याशिवाय गवंडी घमेलं उचलत नव्हते. कंत्राटदाराने माझ्याकडे तक्रारीच्या नजरेने पाहिलं.

"थांबा ना," मी म्हटलं. "त्यांना चव कळते."

संध्याकाळपर्यंत तिन्ही खांब ओतून झाले. मी त्याच काँक्रीटचे सहा ठोकळे भरून घेतले, आणि साचे सुटल्यावर सोलापूरला नेले. दादरच्या हमालाने ट्रंक उचलताना विचारलं, ताई, यात दगड भरलेत का?

अठ्ठाविसाव्या दिवशी मी ते एकेक करून यंत्राखाली ठेवले. काटा हव्या त्या आकड्यावर गेला आणि ठोकळा तसाच. काटा पुढे गेला. आणखी पुढे गेला. शेवटी फुटला तेव्हा असा आवाज झाला की शेजारच्या खोलीतले कारकून बघायला आले. सहाच्या सहा तसेच. तो आकडा मी एका पोस्टकार्डावर मोठ्या अक्षरांत लिहिला, खाली सही केली आणि अंतोनकाकांच्या नावाने मढला पाठवून दिला.